हात मागे, नजर पुढे



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची सूचना एकच होती : शाळेच्या इतिहासातला असा भाग लिहा, जो पुढच्या तुकड्यांना ठाऊक नाही. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा, आवडते शिक्षक यांवर इतर लिहितीलच. मी निवडलेला विषय शाळेच्या वार्षिक अहवालांत दोन ओळींच्या पुढे कधी गेला नाही. नववीतल्या तांत्रिक विषयाच्या विद्यार्थ्यांना आपली शाळा दरवर्षी तीन दिवस आसपासच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पाठवत असे. एका विद्यार्थ्याने एका कारागिराच्या किंवा अभियंत्याच्या मागे तीन दिवस उभे राहायचे, तो काय करतो ते पाहायचे आणि वहीत लिहायचे, एवढाच तो उपक्रम. त्याला नावही नव्हते. "कंपनीत उभं राहायला जायचंय," असे आम्ही घरी सांगायचो. आता याला 'जॉब शॅडोइंग' असे भारदस्त नाव आहे. काम करणाऱ्याची सावली होऊन राहणे.

मी १९८१ च्या दहावीच्या तुकडीतला. हा लेख लिहिण्याआधी वेगवेगळ्या तुकड्यांतल्या वीसेक जणांशी बोललो. काहींनी त्या वेळच्या वह्या जपून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. पण आपल्या शाळेचे हे तीन दिवस समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

उमेदवार कोण?

'उमेदवार' म्हटले की आज निवडणूक आठवते. आपल्या भाषेत या शब्दाचा दुसरा अर्थही तितकाच मुरलेला आहे. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. कचेरीत, दुकानात किंवा कारागिराकडे पगाराची आशा न धरता राहून काम शिकणे, म्हणजे उमेदवारी करणे. सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा धरायला शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता लोखंडाचा रंग ओळखायला शिके. या पद्धतीत शिकवणे चोख होते. अडचण एकच : ज्याचा बाप सुतार किंवा लोहार नाही, त्याने कोणाच्या शेजारी बसायचे?

हा प्रश्न सरकारपुढेही आला होता. १८५० साली उमेदवारीचा पहिला कायदा झाला. १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, करार करून एखाद्या कारागिराकडे काम शिकायला ठेवण्याची त्यात सोय होती. चारच वर्षांनी, १८५४ मध्ये, पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. सरकारी बांधकामांवर हाताखालचे अधिकारी लागत होते, ते तयार करण्यासाठी. आज आपण त्याच संस्थेला सीओईपी म्हणतो. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीजेटीआय, निघाली. वर्ग, फळा, परीक्षा आणि पदवी असे अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्याकडे रुजू लागले.

या व्हीजेटीआयची एक गोष्ट आमचे तांत्रिकचे सर दरवर्षी सांगत. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात दोष निघाला, म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. यंत्रांचे काम त्यांना कोणी अभ्यासक्रम म्हणून शिकवले नाही. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि यंत्रे चालतात कशी ते पाहत, हाताळत. त्यातून आधी बेळगावचे सायकलचे दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट संपली की सर म्हणत, "मास्तर असून त्यांना कार्यशाळेत जाऊन उभं राहायची लाज वाटली नाही. तुम्हाला कसली वाटते?"

भोंग्याच्या हाकेवरची शाळा

आपली शाळा पिंपरी-चिंचवड पट्ट्यातली. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्वारी-बाजरीच्या रानांत शेड उभ्या राहिल्या. मोटारी, स्कूटर, इंजिने, ओतकाम, जोडकाम, आणि या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप. शाळेची घंटा आणि पहिल्या पाळीचा भोंगा यांत फार अंतर नसे.

तरीही या कारखान्यांच्या भिंतींपलीकडे काय चालते हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हते. ज्यांचे वडील आत होते त्यांना थोडेफार ठाऊक. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या, ज्यांचे आईवडील मंडईत बसत किंवा बांधकामावर जात, त्यांच्यासाठी गेट म्हणजे गेटच. मी या दुसऱ्या गटातला.

त्याच काळात शिक्षणातही बदल होत होते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात 'कार्यानुभव' असावा अशी शिफारस केली. १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली आणि कार्यानुभव वेळापत्रकात आला. बहुतेक शाळांत त्याचे रूपांतर खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले यांत झाले. आपल्या शाळेतही मेणबत्त्या झाल्याच. पण तांत्रिकच्या सरांनी मुख्याध्यापकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला : आपल्या दाराशी एवढे अनुभवी लोक काम करत असताना मुलांना मेण वितळवायला कशाला लावायचे?

मुलांना कामाला लावता येणार नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामावर ठेवायला बंदी होती, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार घ्यायचा तर करार, विद्यावेतन, नोंदणी हे सगळे आले. शाळकरी मुलगा यांपैकी कशातच बसत नव्हता. तेव्हा सरांनी नियम केला : कशालाही हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि नजर पुढे ठेवायची. पायांत बूट हवेत. ज्याच्याकडे नसतील त्याला शाळेच्या कपाटातली जोडी मिळे. बाही दुमडलेली, गळ्यात-मनगटात काही नाही. रोज रात्री वहीत तीन प्रश्नांची उत्तरे : आज त्यांनी काय केले? कुठे थांबले? का थांबले?

मधला प्रश्न तेव्हा विचित्र वाटायचा. वह्या आता पुन्हा वाचताना लक्षात येते की सगळे मर्म त्यातच होते.

वह्यांत काय आहे

१९७८ च्या तुकडीतला एक मित्र ओतशाळेच्या पॅटर्न विभागात होता. लाकडी साचा-नमुने करणाऱ्या कारागिराकडची पट्टी त्याने आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीशी ताडून पाहिली, तर ती जुळेना. कारागिराच्या पट्टीवरचे ३०० मिलिमीटर त्याच्या पट्टीवर ३०३ भरत. पट्टी चुकीची आहे, असे त्याने धीर करून सांगितले. कारागीर हसला आणि म्हणाला, "पट्टी बरोबर आहे, लोखंड आखडतं." ओतीव बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पट्टीच मुळात लांब आखलेली असते. पदार्थ थंड झाल्यावर आकुंचन पावतो, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केले होते. ते वाक्य कोणाच्या तरी हातातली पट्टी होऊन बसले आहे, हे त्याने तिथे पाहिले.

दुसरी वही टूलरूममधली. ग्राइंडिंगवरून उतरवलेला जॉब कारागिराने लगेच मापला नाही. तो पोलादी ठोकळ्यावर ठेवला आणि चहाला गेला. मुलाने लिहिले आहे, "अर्धा तास थांबले. का ते विचारले." उत्तरही खाली आहे : जॉब गरम होता. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा २० अंशांनी जास्त गरम असेल तर तो दोन शतांश मिलिमीटरहून थोडा जास्त वाढलेला असतो, आणि त्या जॉबला सूट होती फक्त एक शतांशाची. गरम असताना मापून बरोबर ठरवलेला जॉब थंड झाल्यावर भंगारात गेला असता. बाहेरून पाहणाऱ्याला कामगार चहा पीत बसलेला दिसला असता. मुलगा मागे उभा होता म्हणून त्याला कळले की ते थांबणे हा कामाचाच भाग होता.

माझ्या वाट्याला देखभाल विभागातले वीजतंत्री आले. बंद पडलेल्या मोटरजवळ पोहोचल्यावर ते आधी बोर्डाकडे गेले, स्विच पाडला, फ्यूजच्या तिन्ही किटकॅट काढल्या आणि खिशात टाकल्या. मग टेस्टर आधी दुसऱ्या, चालू बोर्डावर लावून पाहिला, मग बंद केलेल्या मोटरवर, मग पुन्हा चालू बोर्डावर. तेव्हा कुठे मोटरचे झाकण उघडले. दोनदा का पाहिले, असे मी विचारले. ते म्हणाले, "मोटर मेली आहे असं सांगणारा टेस्टरच मेलेला असला तर?" आणि किटकॅट खिशात का? "मी आत हात घातल्यावर कोणी भला माणूस येऊन स्विच चालू करील. माझा जीव माझ्या खिशात बरा." पुढे मी विजेच्याच कामात गेलो. सुरक्षिततेच्या कितीतरी प्रशिक्षणांना बसलो, इतरांना ती दिलीही. त्यांतला पहिला धडा मला चौदाव्या वर्षी मिळाला होता, आणि तो देणाऱ्या माणसाला आपण शिकवत आहोत याची कल्पनाही नसावी.

आत कोण जाणार?

सुरुवातीच्या दोन वर्षांत ज्यांचे पालक कंपनीत अधिकारी होते त्या मुलांना चांगल्या जागा मिळत. वडिलांनी शब्द टाकला की मुलगा ड्रॉइंग ऑफिसात. बाकीचे मिळेल तिथे. यावर पालकसभेत वाद झाला. त्यानंतर चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली, ती शेवटपर्यंत टिकली. एक अट वर होती : स्वतःच्या वडिलांच्या कारखान्यात कोणी जायचे नाही. अधिकाऱ्याचा मुलगा ओतशाळेतल्या धुरात उभा राहिला आणि भाजीवाल्याची मुलगी मोजमाप प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटातल्या माणसामागे. माझ्या मते शाळेने घेतलेल्या सर्वांत धाडसी निर्णयांपैकी हा एक होता, आणि त्यासाठी सरांनी बोलणी खाल्ली.

मुलीचा उल्लेख वर सहज आला, पण ते सहज घडले नव्हते. तांत्रिक विषय घेऊन मुलींची पहिली तुकडी नववीत आली तेव्हा एका कारखान्याने कळवले की शॉपफ्लोअरवर मुलींना पाठवू नये, कारण तिथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. कारण खरे होते. वर्षानुवर्षे ते खरेच राहिले होते, हा खरा मुद्दा. तेव्हा आपल्या गणिताच्या बाईंनी वर्गात ए. ललिता यांची गोष्ट सांगितली. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात १९४० च्या दशकात विद्युत अभियंता झालेल्या या बाईंनी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली होती. जे चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जमले ते इथे का जमू नये, असा बाईंचा सवाल होता. त्यांनी स्वतः फिरून मुलींसाठी जागा मिळवल्या : मोजमाप प्रयोगशाळा, ड्रॉइंग ऑफिस, टेलिफोन एक्स्चेंज.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली १९८६ च्या तुकडीतली मैत्रीण आज परदेशात संगणक जाळ्यांच्या देखभालीचे काम करते. तिने सांगितले, "ज्या खटखट वाजणाऱ्या यंत्रांपुढे मी उभी होते ती काही वर्षांत गेली. पण तक्रार आली की तिथले तंत्रज्ञ पहिल्यांदा लाइन मधल्या फ्रेमवर सोडवून बघायचे, बिघाड बाहेरचा की आतला. मी आजही तेच करते. अर्ध्यावर तोडायचं, मग बघायचं."

काम दिसेनासे झाले तेव्हा

१९९० नंतर चित्र पालटले. ड्रॉइंग बोर्डांच्या जागी संगणक आले, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत झोंबणारा वास गेला. लेथच्या रांगांत सीएनसी यंत्रे बसली. दार लावलेल्या यंत्रात काय चालले आहे ते मागे उभे राहून दिसेना. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले, १९९१ मध्ये तिथे 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला, आणि हळूहळू आपल्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्यांत जावेसे वाटू लागले.

१९९८ मध्ये एक विद्यार्थी अशा कंपनीत गेला. जुन्या संगणक-प्रणालींत साल दोनच अंकांत लिहिले जाई, त्यामुळे २००० उजाडल्यावर काय होईल याची जगभर धास्ती होती, आणि त्याच दुरुस्तीचे काम तिथे चालू होते. पहिल्या दिवशीच्या वहीत एकच ओळ आहे : "ते दिवसभर पडद्याकडे बघत होते. काही घडले नाही." सरांनी त्या अभियंत्याला फोन केला आणि विनंती केली की जे मनात चालते ते मोठ्याने बोला. दुसऱ्या दिवशीची नोंद दोन पानांची आहे. जन्मसाल ४०, चालू साल ००, वजाबाकी केली तर वय उणे ४०. ही वजाबाकी कुठे कुठे दडली असेल, कोणत्या नावाखाली असेल, इथे बदलली तर आणखी काय मोडेल, असा तो सगळा शोध होता. एकच ओळ बदलायला त्यांनी दुपारपर्यंत वेळ घेतला. "कुठे थांबले?" या प्रश्नाखाली मुलाने लिहिले आहे, "बदलण्याआधी."

लेथवरचा कारागीर गप्प राहूनही शिकवू शकत होता, कारण त्याचे हात दिसत होते. पडद्यावरचे काम शिकवायचे तर बोलावे लागते. हा बदल सरांनी वेळेत ओळखला. पण तोवर गेट बंद होऊ लागले होते. कायम कामगारांच्या जागी कंत्राटी कामगार आले. ज्याला स्वतःच्या उद्याची खात्री नाही त्याने मुलाला मागे कसे उभे करायचे? विम्याचे, गोपनीयतेचे कागद वाढले. सर निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत उपक्रम थांबला. कोणी तो बंद केला नाही. पत्रे लिहिणारे कोणी उरले नाही, इतकेच.

हिशेब

या तीन दिवसांनी सगळे अभियंते झाले, असा दावा मी करणार नाही. ओतशाळेत उभा राहिलेला एक मित्र मला म्हणाला, "हे आपल्याला जमणार नाही, हे मला तिथे कळलं. वडिलांनी डिप्लोमाला घातलं असतं तर चार वर्षं फुकट गेली असती." तो उत्तम शिक्षक झाला. तीन दिवसांत चार वर्षे वाचली, हाही फायदाच.

ज्यांच्या घरात कोणी अभियंता, तंत्रज्ञ नव्हता त्यांना मात्र याहून मोठे काहीतरी मिळाले. शिकलेला माणूस काम करताना कसा दिसतो ते त्यांनी पाहिले. तोही अडतो, वही उघडतो, दुसऱ्याला विचारतो, थांबतो. हुशार माणसाला सगळे येते, हा आमच्या मनातला समज तिथे गळून पडला. अधिकाऱ्याच्या मुलाला हे जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळते. आम्हाला त्यासाठी गेटच्या आत जावे लागले.

आता पुन्हा संधी आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर शिकावे, असे सुचवले आहे. हे दहा दिवस मेणबत्त्यांत घालवायचे की नाही, हे आपल्यावरही अवलंबून आहे. त्या वेळी आम्ही गेटच्या बाहेर होतो, आज आपल्यातले कित्येक आत आहेत : कोणी टूलरूम चालवतो, कोणी वीज उपकेंद्रात आहे, कोणी सर्व्हर सांभाळते, कोणाचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे.

या मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपले नाव, कामाचे ठिकाण आणि वर्षातले कोणते तीन दिवस एका विद्यार्थ्याला आपल्या मागे उभे करू शकाल, एवढेच तिच्यात लिहायचे आहे. चिठ्ठ्या शाळा टाकील. आपल्याकडे येणारा मुलगा किंवा मुलगी ओळखीतली नसेल, ही जुनी अट कायम आहे. मुख्याध्यापिका बाईंनी पत्रे आणि परवानग्या यांची जबाबदारी घेतली आहे. बुटांचे कपाट अजून प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आहे. त्यातले बूट आता घालण्यासारखे राहिलेले नाहीत, तेवढे नवे घ्यावे लागतील.